पंचमीला आखलेलं घर

परवा नातीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं. तिथल्या एका तरुण बाईंनी मला कौतुकानं विचारलं, "आजी, तुम्ही कधी परदेशात गेला होतात का?" मी म्हटलं, "मी नाही गेले. मीच एकदा परदेश झाले होते." बाई हसल्या आणि शेजारच्या आजींकडं वळल्या. त्यांची काही चूक नाही, माझं बोलणंच असं तुटक. पण खोटं नव्हतं ते. समुद्रापलीकडून एक बाई एवढा प्रवास करून आली, श्रावणात, ऐन पंचमीला, आणि परत गेल्यावर तिनं तिच्या माणसांना सांगितलं असणार की मी परदेशातली अनाथ मुलींची संस्था बघून आले. तो परदेश म्हणजे आम्ही. कराड आणि सांगलीच्या मधलं कृष्णाकाठचं एक उसाचं गाव, गावाबाहेर मुरमाचा माळ, माळावर कौलारू छपराची एक लांबलचक खोली, आणि त्या खोलीत आम्ही चाळीसभर पोरी. कुणाचा तरी परदेश होण्यात एक फायदा असतो, त्या निमित्तानं अंगण तरी झाडून होतं.

मी मूळची जत तालुक्यातली. आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि पाण्याचा पेला घेऊन लगेच उठायचा. मोठा दुष्काळ पडला तेव्हा आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी तिच्यापाशी बसून तिथं वाटलेली सुकडी खायची. वडील मला आठवतच नाहीत. आई त्या कामावरच तापानं गेली आणि चुलत्यानं मला या संस्थेत आणून सोडलं. चुलत्याला मी आण्णा म्हणायची. आण्णा मेंढरामागं फिरणारा माणूस, घरात आधीच सहा तोंडं, त्याला मी कधीही दोष दिला नाही. माझं नाव सिद्धव्वा. कृष्णाकाठच्या पोरींना ते नाव तोंडात मावेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी त्याची सिदी केली आणि मी बोलायला लागले की माझ्या बोलीतले कानडी शब्द वेचून वेचून हसत बसायच्या. मीही गप्प बसणारी नव्हते. त्या 'लय' म्हणायच्या तेव्हा मी त्यांना वेडावायची.

संस्थेतला दिवस रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारून उजाडायचा. तो तुकडा कडुलिंबाला टांगलेला असायचा आणि हौसामावशी तो असा बडवायची की नदीवरचं पाणी उपसायचं इंजीन त्यापुढं बरं वाटावं. हौसामावशी आमची स्वयंपाकीण. नवरा पलटणीत, दोन्ही भाऊ पलटणीत, त्यामुळं तिची शिस्तही पलटणीतली. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं आणि अंबाडीची भाजी यांच्यावर मी आजही कुणाची पुरणपोळी ओवाळून टाकीन. संस्था चालवायच्या त्या इंदूताई. पांढरं पातळ, आवाज हळू, पण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही. आम्ही झोपायचो एका वाकळेवर दोघी. माझ्या वाकळेवर रंजी. रंजी मिरज स्टेशनवर सापडलेली, तान्ही. तिला नाव, गाव, चुलता, मामा, काही म्हणजे काही नव्हतं, आणि संस्थेतली सगळ्यात हसरी पोरगी तीच होती.

आता मुद्द्याची गोष्ट. संस्थेत जागा एकाच खोलीची, म्हणून कमिटीचा नियम होता की सातवी झाली की पोरगी आपल्या माणसांकडं जाणार. ज्यांना माणसंच नाहीत त्या साताऱ्याला दुसऱ्या संस्थेत, तिथं शिवणकाम शिकवायचे. त्या वर्षी आम्ही चौघी सातवी पास झालो होतो, मी आणि रंजी त्यांतल्याच. पण ताईंनी आम्हाला ठेवून घेतलं होतं. जूनमध्ये सरळ आठवीच्या वर्गात नेऊन बसवलं आणि कमिटीला सांगितलं, श्रावणापर्यंत थांबा. कारण श्रावणात ती बाई येणार होती. तिकडच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं आमच्या मोठ्या मुलींसाठी वेगळी इमारत बांधून द्यायचं कबूल केलं होतं, फक्त त्यांचं माणूस येऊन काम सुरू झालेलं डोळ्यांनी बघून जाणार आणि मगच पुढचं. इमारत होणार असली तर आम्ही चौघी राहणार, नाहीतर गाठोडं बांधायचं. माझ्यासाठी आण्णानं तिकडं मुलगाही बघून ठेवला होता. मला आठवीतलं बीजगणित नुकतं कळायला लागलं होतं. क्ष म्हणजे जे माहीत नाही ते, आणि ते शोधून काढता येतं, ह्या गोष्टीनं मला वेड लावलं होतं. मला राहायचं होतं. देवाशप्पथ सांगते, त्यानंतर आयुष्यात मी कुठल्याही गोष्टीसाठी इतकी तळमळले नाही.

बाईचं नाव इंगे. कमिटीचे सेक्रेटरी सांगलीचे एक वकील होते, त्यांनी ते नाव आम्हाला दोनदा म्हणून दाखवलं. हौसामावशीनं ऐकलं आणि म्हणाली, "इंगा? आगं बया, नावातच इंगा हाय. आता दावती का काय आपल्याला." झालं, त्या क्षणापासून ती इंगाबाई झाली.

इंगाबाई यायची ती पंचमीच्या आदल्या दिवशी. वकिलांनी सगळं बेतून ठेवलं होतं. सकाळी येणार, भूमिपूजन करणार, पहिली कुदळ स्वतःच्या हातानं मारणार, फोटो काढायचा, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिला महाबळेश्वर दाखवून मुंबईला पोचवायचं. श्रावणात महाबळेश्वर दाखवायला नेणं म्हणजे ढगात डोकं खुपसायला नेणं, पण पाहुण्यांना महाबळेश्वर दाखवल्याशिवाय आमच्याकडच्या मोठ्या माणसांना चैन पडत नाही. गवंड्यानं कुदळीला कुंकू लावून ठेवलं. आम्ही शेणानं अंगण सारवलं, हातात झेंडूची फुलं घेऊन रांगेत उभ्या राहिलो आणि सूर्य डोक्यावर येऊन कलला तरी उभ्याच राहिलो. त्यात सगळ्यांचा उपास. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बायका-पोरी भावाचा उपास धरतात, नागोबाला भाऊ मानून. हौसामावशी रंजीला म्हणाली, "तुला कुठला भाऊ गं? तू जेव गुमान." रंजी म्हणाली, "न्हाई कशावरनं? आसला कुठं तर मंग?" मावशीनं रंजीच्याही हातावर शेंगदाणे ठेवले.

तिसऱ्या प्रहरी पोस्टातला माणूस सायकल हाणत आला. साताऱ्याहून ट्रंककॉल होता. वाटेतल्या ओढ्याला पूर आला, गाडी अडकली, बाई साताऱ्यात मुक्कामाला आहे, उद्या सकाळी येईल. आम्ही फुलं पाण्यात टाकली आणि हुश्श केलं. ताई मात्र चष्मा हातात घेऊन पायरीवर बसल्या. हौसामावशीही चुलीपाशी जायची थांबली. मग आमच्याही डोक्यात उजेड पडला. उद्या पंचमी होती.

हे आता शहरातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं. पंचमीला आमच्याकडं विळी काढत नाहीत, काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. जे काही करायचं ते उकडून. आणि मातीला तर हातच लावायचा नाही. नांगर नाही, खुरपं नाही, कुदळ तर नाहीच नाही. नांगराच्या फाळानं नागिणीची पिल्लं मेली ती कहाणी आम्हाला पाठ होती. त्या दिवशी जमीन उकरणारा माणूस सबंध पंचक्रोशीत मिळाला नसता, मग तो कितीही शिकलेला असो. बाई उद्या येणार, परवा उजाडायच्या आत जाणार, आणि मधल्या एका दिवसात जमिनीला कुदळ लागणार नाही. म्हणजे काम सुरू झालेलं ती बघणार नाही. त्या रात्री वाकळेवर रंजीनं मला विचारलं, "साताऱ्याला शिवण शिकवत्यात ते मशीनवर का हातावर?" मी झोपल्याचं सोंग घेतलं.

सकाळी इंगाबाई येण्याआधी आण्णा आला. जतहून एस.टी. बदलत बदलत, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि घोंगड्याच्या खोळीत माझ्यासाठी नवं हिरवं परकर-पोलकं. आण्णा कट्ट्यावर बसला, मी पाणी दिलं. "पंचमीला न्यायला आलोय गं," तो म्हणाला, "सांजच्या गाडीनं निगू. चुलती वाट बघतीया. पाव्हणंबी येणार हाईत बगायला." मी 'व्हय' म्हटलं आणि आत पळाले. पंचमीला लेकीला माहेरी न्यायला माणूस येणं ही केवढी मोठी गोष्ट असते ते आमच्या भागातल्या बायकांना विचारा. त्या दिवशी गावातल्या सगळ्या वाटा न्यायला आलेल्या मुराळ्यांनी आणि माहेरवाशिणींनी भरलेल्या असतात. चाळीस पोरींत न्यायला माणूस आलेली मी एकटी, आणि तीच मी न्हाणीघराच्या मागं जाऊन रडत होते. कसलं नशीब म्हणायचं हे.

मग मोटार आली. इंगाबाई उतरली ती उंचच्या उंच, पन्नाशीची, पायांत पुरुषाचे असावेत तसे बूट, चेहऱ्यावर ऊन लागलेलं. गळ्यात हार घालायला ताईंना टाचा उचलाव्या लागल्या. मला वाटलं होतं ती हातरुमालानं नाक पुसत हिंडेल, तर ही थेट स्वयंपाकघरात शिरली आणि हौसामावशीच्या मोदकपात्राचं झाकण उघडून बघायला लागली. आत पुरणाची दिंडं उकडत होती. तिनं एक उचललं, फुंकर घातली आणि खाल्लं. नंतर दुसरंही खाल्लं. हौसामावशीनं माझ्याकडं बघून मान हलवली. मावशीचा निकाल बाईच्या बाजूनं लागला होता.

बाहेर मात्र पंचाईत सुरू झाली. वकिलांनी कुदळ पुढं केली. गवंडी दोन पावलं मागं सरला. "साहेब, आज न्हाई. उद्या पाटं म्हना, आत्ता म्हनू नका." वकील म्हणाले, "अरे बाबा, उद्या बाई नाहीत. नुसती टेकवायची, फोटोपुरती." गवंडी म्हणाला, "टेकीवली तरी कुदळ ती कुदळच की वो." वकिलांनी ताईंकडं बघितलं, ताईंनी माळाकडं. शेवटी खुद्द वकिलांनी कुदळ उचलली, पण ती हातात धरून ते नुसते उभेच राहिले, आणि मग त्यांनीच ती हळूच भिंतीला टेकवून ठेवली. घरी त्यांच्या मंडळींनीही सकाळी विळी बांधून ठेवली असणार. इंगाबाई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. वकिलांनी मग तिला इंग्रजीतून सबंध कहाणी सांगितली, शेतकरी, नांगर, पिल्लं, नागीण, सगळी. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती काहीतरी बोलली. वकिलांनी आम्हाला सांगितलं, "बाई म्हणतात, लेकरांचं घर बांधायला दुसऱ्याच्या लेकरांचं घर मोडायचं नाही, हे त्यांना पटलं." हे तिचं होतं की वकिलांनी पदरचं घातलं होतं, देव जाणे. पण पुढचं तिचंच होतं, कारण ते म्हणताना वकिलांचा चेहरा उतरला. तिला परत गेल्यावर तिच्या लोकांना सांगावं लागेल की काम अजून सुरू झालेलं नाही. खोटं ती सांगू शकत नव्हती.

मग गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "खनायचं न्हाई. पर आखनी कराय कोन नगं म्हंतंय? घर आदी आखत्यात, मंग खनत्यात. आखनी झाली म्हंजी काम सुरू झालं." घराची आखणी म्हणजे जमिनीवर दोरी ताणून पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायच्या, भिंत कुठं, दार कुठं, ते दाखवायला. त्यात मातीला ओरखडाही पडत नाही. ताईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

पुढचा तासभर आमच्या संस्थेत जे झालं ते आठवलं तरी आजही मला हसू फुटतं. गवंड्याजवळची फक्की दोन भिंतींतच संपली. मग पोरींनी पंचमीसाठी साठवलेल्या रांगोळ्या आणल्या. त्याही संपल्या तेव्हा हौसामावशीनं चुलीतली राख चाळून सुपानं आणून दिली. गवंडी नकाशाचा कागद बघून ओरडायचा, "हितनं तकडं" आणि आम्ही दोरीच्या मागं वाकून धावायचो. बाहेरच्या भिंती फक्कीच्या, आतल्या राखेच्या, दारं-खिडक्या रांगोळीच्या. भिंती झाल्यावर पोरींना धरबंध राहिना. एकीनं स्वयंपाकघरात चूल काढली, दुसरीनं चुलीवर भगुलं. रंजीनं खिडकीत कुंडी काढली आणि कुंडीत गुलाब. मी झोपायच्या खोलीत खिडकीखाली एक लांबट चौकोन काढला आणि त्यात माझं नाव पूर्ण लिहिलं, सिद्धव्वा. त्याला चिकटून रंजीनं तिचा चौकोन काढला. कागदावर नसलेलं एक देवघरही कुणी तरी काढलं. गवंडी म्हणाला, "हे न्हाई हितं," पण पोरींनी त्याला बाहेर काढलं.

इंगाबाई बाजूला उभी राहून फोटो काढत होती. तिला आत यावंसं वाटलं आणि ती सरळ चालत आली. चाळीस पोरी एकदम ओरडल्या. ती दचकून एक पाय वर धरून उभी राहिली. पायाखाली साप आला असंच तिला वाटलं असणार, एवढी कहाणी ऐकल्यावर. रंजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, भिंतीतनं नका यिऊ. दारातनं या." वकिलांनी हसत हसत ते इंग्रजीत सांगितलं. बाईनं खाली रेघेकडं बघितलं, मग पोरींकडं, आणि ती खरोखर मागं फिरली, सबंध घराला वळसा घालून दाराशी आली, तिथं बूट काढून ठेवले आणि आत आली. मग काय, पोरींनी तिला घेरलंच. आत घरात झिम्मा सुरू झाला, फेर धरला, रंजीनं तिला फुगडीला ओढलं. एवढी उंच बाई फुगडी घालताना तिचे केस सुटले आणि ती लहान पोरीसारखी हसत सुटली. ताई सुद्धा फेरात होत्या. माझ्या आयुष्यात मी ताईंना त्या एकदाच नाचताना बघितलं.

आणि मग श्रावणच तो, त्याला काय भरवसा. ऊन पडलेलं असतानाच नदीकडून सर आली. टपोऱ्या थेंबांनी आधी राखेच्या भिंती गेल्या, मग रांगोळीची दारं. वकील कट्ट्याकडं धावले आणि तिथून हाका मारू लागले, "अगं पोरींनो, भिजाल, घरात या." पण पोरी जागच्या हलेनात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. जी जिथं भिंतीपाशी होती ती तिथंच पाय रोवून उभी राहिली, शेजारणीचा हात धरून, आणि घर जसंच्या तसं राहिलं. दाराच्या जागी दोघींनी हात सोडून वाट मोकळी ठेवली होती. रंजीनं तिथूनच ओरडून सांगितलं, "वकीलसायेब, घरातच हाय की आमी."

मी माझ्या चौकोनावर उभी होते. चौकोन वाहून गेला होता, पण माझी जागा मला पक्की माहीत होती. इंगाबाई भिजत भिजत माझ्यापाशी आली आणि बोटानं विचारलं, हे काय? मी हात गालाखाली घेऊन झोपून दाखवलं. तिनं ताईंना काहीतरी विचारलं. ताईंना इंग्रजी येत होतं, पण तेवढ्या पावसात त्यांना ते सुचेना की दुसरं काही झालं होतं, त्या मराठीतच म्हणाल्या, "हिची जागा. पण ही आज चालली. चुलते न्यायला आलेत." आणि मग तेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

इंगाबाई दारातून बाहेर पडली. बूट न घालताच कट्ट्यावर आण्णाजवळ जाऊन बसली आणि हात जोडून त्याला नमस्कार केला. आण्णा गडबडला. त्यानं घोंगडं आवरून तिला जागा केली आणि मग तेच घोंगडं तिच्या भिजल्या खांद्यांवर टाकलं. वकील मध्ये उभे राहिले. बाई म्हणत होती की काम सुरू झालं हे तिनं बघितलंय, कुठलं दार कुठं आहे हेही तिला माहीत आहे, घर होणार हा तिचा शब्द. तोवर ही मुलगी थांबेल का? आण्णानं सगळं ऐकून घेतलं. "बाई बोलत्यात ते खरं आसंल," तो म्हणाला, "पर मी पाव्हण्यास्नी शबुद दिलाय." मग त्यानं मला हाक मारली. मी निथळत पुढं गेले.

"तुज्या मनात काय हाय गं?" आण्णानं विचारलं. हे मला तोवर कुणीही विचारलं नव्हतं. शाळा म्हणावं, बीजगणित म्हणावं, असं खूप काही मनात होतं, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, "आण्णा, पंचमीच्या दिशी माहेरातनं पोरीला कोन नेतं व्हय?"

आण्णा माझ्याकडं बघतच राहिला. "म्हायेर?" तो म्हणाला. "हे? हितं?" मी मान हलवली. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता काठी घेऊन उठतो. उठलाही. उठून तो पावसातच त्या नसलेल्या घराकडं गेला, दारातल्या दोघी पोरींच्या मधून आत शिरला. मेंढरांमागं फिरणारा माणूस, रोज नव्या रानात बिऱ्हाड मांडणारा, त्याला नुसत्या जागेला घर म्हणण्यात काही नवल नव्हतं. "ह्यात तुजी वाकळ कुठं?" त्यानं विचारलं. मी दाखवली. तो तिथं थोडा वेळ उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि परत येऊन कट्ट्यावर बसला. हौसामावशीनं त्याच्यापुढं दिंडं, उसळ आणि गव्हाची खीर वाढली. तो खाली मान घालून जेवला.

इमारत पुढं झाली, हे सांगून टाकते. आखली होती त्यापेक्षा दोन खोल्या कमीच झाली आणि पोरींनी देवघर काढलं होतं नेमकी तिथं न्हाणी आली. आम्ही चौघीही तिथंच मॅट्रिक झालो. पण त्या दिवशी सांजेला हे काहीच कुणाला माहीत नव्हतं. आण्णा मला चल न म्हणता घोंगडं खांद्यावर टाकून एस.टी.च्या फाट्याकडं निघाला आणि ताईंच्या सांगण्यावरून मी आणि रंजी त्याला पोचवायला गेलो. वाटभर तो पुढं पुढं चालत होता. उसातून पाणी ठिबकत होतं, लांब कुठं तरी झोक्यावरच्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. माझं मन मला खायला लागलं. सहा तोंडांच्या घरातून पदरमोड करून हा माणूस परकर-पोलकं घेऊन आला आणि मी चारचौघांत त्याला परकं केलं, असं मला वाटत होतं.

गाडी आली तेव्हा तो माझ्याकडं वळला. त्याचा राग गेलेला नव्हता. "एक आयकून ठेव," तो म्हणाला. "म्हायेर चुलत्याचं आसतं. संस्थंचं नसतं. पाव्हण्यास्नी मी सांगतो काय सांगायचं ते, ती माजी जोकीम. तू शाळा शीक. पर फुडल्या पंचमीला मी न्यायला येनार, आन तू येनार. पंचमी झाली की आनून सोडीन. कळलं?" मी मान हलवली. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मग परत फिरलो. संस्थेचं छप्पर दिसायला लागलं तेव्हा रंजी म्हणाली, "सिदे, मला पन न्ये की गं येकदा." मी म्हटलं, "आण्णाला इचारते."

पुढच्या पंचमीला आण्णा आला आणि दोन पोरी घेऊन गेला. पंचमी झाल्यावर दोघींनाही आणून सोडलं.